वजिराची चाल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गणित शिकवीत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परंतु सायंकाळी साडेपाचनंतर ज्याला त्यांची गाठ घ्यावयाची असे त्याला शाळेमागच्या मैदानावरच जावे लागे, आणि तेथे धोतराचा काचा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून खो-खोच्या खांबापाशी उभे असलेले गुरुजी, चुकीच्या दिशेला वळलेल्या मुलाला नावाने हाक न मारता केवळ ‘नियम!’ एवढा एकच शब्द उच्चारीत, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी मी एक आहे. त्या शब्दात दरारा होता तसा एक दिलासाही होता. नियम गुरुजींनी केलेला नव्हता, आम्ही केलेला नव्हता. तो आमच्या आधीपासून तेथे होता आणि आमच्यानंतरही राहील, असे आम्ही धरून चालत असू. आज ज्या खेळांविषयी मी बोलणार आहे त्यांत हे धरून चालता येत नाही. तेथे रात्री निजताना जो नियम असतो तो सकाळी उठेपर्यंत टिकेलच असे नसते, आणि तो कोणी बदलला हे विचारावयाचे तर समोर माणूस नसतो.

संगणकावर, दूरदूरच्या हजारो माणसांनी एकाच वेळी, एका काल्पनिक जगात उतरून खेळावयाचे जे भूमिकाप्रधान खेळ आहेत, त्यांत प्रवेश करणाऱ्याला प्रथम एक प्रश्न विचारला जातो : तू कोण होणार? योद्धा, मांत्रिक, वैद्य, धनुर्धर, गुप्तचर, अशा काही ठरीव भूमिका पुढे ठेवलेल्या असतात, त्यांना खेळणारे ‘क्लास’ म्हणतात, आणि त्यांतील जी आपण निवडतो तिच्यावर पुढची सारी वाटचाल अवलंबून राहते. ‘क्लास’ला मराठीत ‘वर्ग’ म्हणावे तर समाजशास्त्राची गफलत होते, ‘जात’ म्हणावे तर त्याहून भयंकर गफलत होते. म्हणून मी ‘भूमिका’ हाच शब्द वापरीन, आणि जातीचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे घेईन, कारण या जिल्ह्यात उभे राहून जन्माने लादलेल्या भूमिकांचा विसर पडणे हा अपराध होईल.

या भूमिकांचा उगम १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. त्यात आरंभी लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक अशा तीनच भूमिका होत्या. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकत्र खेळावयाचे एक आरंभीचे संगणकीय जग रचले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नऊ भूमिका घेऊन आला तेव्हा ही गोष्ट काही छांदिष्टांपुरती न राहता लक्षावधींची झाली. इतिहास एवढा पुरे. माझा विषय त्यानंतरचा आहे : निवडलेली भूमिका खेळाडूच्या अंगी मुरल्यावर, खेळ रचणाऱ्यांनी तीच भूमिका मोडून नव्याने घडविली, तर त्या खेळाडूचे काय होते?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझा एक भाचा पुण्यास नोकरी करतो. चार वर्षे तो अशा एका खेळात वैद्याची भूमिका करीत होता. त्याची नोकरी रात्रपाळीची, खोलीवर एकटा, आणि ज्या सोबत्यांबरोबर तो मोहिमेवर जाई त्यांच्यापैकी एकाचेही तोंड त्याने पाहिलेले नव्हते; पण त्यांच्यात त्याची एक ख्याती होती, ती अशी की हा घाई करीत नाही. घाव बसताच धावून जाणारे वैद्य पुष्कळ असतात; हा मात्र पुढचा घाव कोणावर बसणार हे ओळखून, उपचार आधीच सुरू करून ठेवी, आणि घाव बसण्याच्या क्षणी तो लागू पडे. एका सुधारणेत, म्हणजे ज्याला ते ‘पॅच’ म्हणतात त्यात, तो सावकाश लागू पडणारा उपचार काढून टाकण्यात आला, आणि वैद्याने शत्रूवर प्रहार करावा, म्हणजे सोबत्यांचे घाव आपोआप भरतील, अशी नवी व्यवस्था झाली. भूमिकेचे नाव तेच राहिले, पोशाख तोच राहिला, त्याने मिळविलेल्या पदव्याही जागच्या जागी राहिल्या. दिवाळीला घरी आला तेव्हा तो मला म्हणाला, “मामा, सगळं आहे तसंच आहे. फक्त बोटं चुकतात.”

मी त्यावेळी काही बोललो नाही. पण ‘बोटं चुकतात’ हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले, कारण त्याच अर्थाचे शब्द मी पूर्वी एकदा, अगदी निराळ्या प्रसंगी, ऐकलेले होते.

माझे आजोबा बुद्धिबळ खेळत. बिंदुसरा नदीच्या काठच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर दुपारी पट मांडला जाई, आणि तो डाव देशी रीतीचा असे. त्या रीतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला किल्ल्याचा आश्रय नसे, पण शह बसलेला नसेल तर आयुष्यात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शके. आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल ते होऊ शकत नसे, ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचले तेच मोहरे त्याला व्हावे लागे. मी शाळेतून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आलो आणि मोठ्या उत्साहाने आजोबांना ते सांगितले. त्यांनी दोन-तीन डाव नव्या रीतीने खेळून पाहिले, सगळे हरले, आणि पट आवरताना म्हणाले, “डोक्याला समजतं रे, हाताला समजत नाही.”

बुद्धिबळाचाच इतिहास काढून पाहिला तर भूमिकेच्या पुनर्रचनेचे याहून मोठे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. अरबी-फारसी शतरंजात राजाच्या शेजारी जो मंत्री उभा असे, तो तिरपे एकच घर चालणारा एक अशक्त कारभारी होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटली या देशांत कोणी एका व्यक्तीने नव्हे, तर खेळणाऱ्यांनीच हळूहळू त्याला पटभर, आठही दिशांना, धाव घेण्याची मुभा दिली. त्या नव्या खेळाला ‘पिसाळलेल्या राणीचा डाव’ असे नाव पडले, आणि १४९७ मध्ये लुसेना नावाच्या स्पॅनिश ग्रंथकाराने जे पुस्तक छापले त्यात जुना आणि नवा असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिलेले आहेत. युरोपात वजिराची राणी झाली. आपल्याकडे चाल बदलली, पण तो वजीरच राहिला. एवढी मोठी उलथापालथ होऊनही कोणाची ओळख हिरावली गेल्याचा आक्रोश इतिहासात ऐकू येत नाही, याचे कारण माझ्या मते असे की बदल कोणी हुकमाने लादला नाही, आणि ज्याला तो नको होता त्याचा पट कोणी उचलून नेला नाही. आपल्या देशी रीतीचे डाव विसाव्या शतकातही ओसऱ्यांवर चालूच होते. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, त्या काळातही खेड्यापाड्यांतून राजा अडीच घरे उडत होता.

तथापि हाताला समजण्याची गोष्ट किती खोल असते, हे मीर सुलतान खान यांच्या उदाहरणाने कळते. पंजाबातील हा असामान्य खेळाडू देशी रीतीत वाढला. नवाब सर उमर हयात खान यांनी त्याला १९२९ साली विलायतेस नेले, आणि त्याच वर्षी, पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये, त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यावर मात केली. असे असूनही डावाच्या आरंभी तो चाचपडे, कारण प्याद्याची दुहेरी चाल त्याने मोठेपणी शिकलेली होती. डाव मध्यावर येऊन नियमांतील भेद निमाला की मग तो आपल्या घरी आल्यासारखा खेळे. बुद्धीने नवा नियम एका दिवसात आत्मसात होतो, हाताला कैक वर्षे लागतात, आणि खेळाडूची ओळख या दोहोंपैकी हातात वसते, असे माझे मत या माणसाच्या चरित्राने पक्के केले. संशोधक निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखविले की काल्पनिक जगात ज्याला उंच देह मिळतो तो सौदा करतानाही अधिक ताठ वागतो; म्हणजे पोशाख आणि देहाकृती यांचाही मनावर संस्कार होतो, हे खरे. पण पोशाख एका तासात अंगवळणी पडतो. हातवळण पडावयास चार वर्षे लागतात, आणि माझ्या भाच्याचे जे गेले ते हातवळण होते.

श्रोतेहो, नाव ठेवून काम काढून घेण्याची ही तऱ्हा आपल्या मुलखाला नवी नाही. निजामाच्या राज्यात १८५३ ते १८८३ पर्यंत दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली, मक्त्याने वसूल करण्याची जुनी पद्धत मोडली, आणि सारा गोळा करण्याचे काम पगारी अंमलदारांकडे दिले. देशमुख-देशपांड्यांचे हक्क अजिबात रद्द न करता त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रक्कम, बांधून देण्यात आला. दफ्तर गेले, शिक्का गेला, गावोगाव फिरून पिकांची पाहणी करण्याचे आणि तंटे मिटविण्याचे काम गेले, परंतु नाव, मान आणि ठरावीक रक्कम राहिली. ‘तालुकदार’ हा शब्द तर त्याहून चमत्कारिक रीतीने बदलला : आधी तो मक्तेदाराचा वाचक होता, पुढे तो पगारी जिल्हाधिकाऱ्याचा वाचक झाला. मग १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, आणि उरले ते आडनाव. आज या सभागृहात किती देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार आणि जहागीरदार बसले आहेत! त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात त्या नावाचे काम नाही, आणि तरी नाव उच्चारताच मनाशी काहीतरी ताठ होते. काम गेल्यावर नाव पोकळ होते, पण ते मरत नाही. ते एखाद्या रिकाम्या वाड्यासारखे उभे राहते आणि त्यात राहणाऱ्याला रोज आठवण करून देते. खेळातील भूमिकेचे नाव राखून तिचे कर्म बदलणारे लोक खेळाडूला नेमका असाच रुसूम बांधून देत असतात.

येथे मला थांबून, मघाशी कबूल केल्याप्रमाणे, दुसरी बाजू मांडली पाहिजे. कारण वतने जाण्याचे दुःख सांगणारे लोक बहुधा वरच्या वतनांचेच दुःख सांगतात. याच गावगाड्यात महाराचेही वतन होते. वेळी-अवेळी सरकारी बोलावणे पोचविणे, मेलेले जनावर ओढणे, वेसकराचे काम करणे, या बदल्यात तुटपुंजे इनाम आणि बलुते मिळे, आणि त्या वतनाने माणसाला पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते ही बेडी तोडण्यासाठी. तेव्हा भूमिका मोडणे हे स्वतःच अनिष्ट आहे असे म्हणणाऱ्याने आधी हे पाहावे की ती भूमिका निवडलेली होती की लादलेली. लादलेली भूमिका मोडली तर सुटका होते. खेळातली भूमिका मात्र माणूस स्वेच्छेने घेतो, अनेकदा आयुष्यात त्याला स्वतः काही निवडण्याची संधी मिळालेली ती पहिलीच असते, आणि म्हणून ती हिरावली गेली असता होणारे दुःख हे मालकी हक्काचे दुःख नसून निवडीचे दुःख आहे, असा भेद मी करतो. भाच्याच्या दुःखाला हसणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

आता या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाकडे वळतो. जून २००३ मध्ये ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ नावाचा खेळ सुरू झाला. चित्रपटातील तारकायुद्धाचे ते जग. परंतु त्याची रचना करणाऱ्यांनी एक विलक्षण औदार्य दाखविले होते, ते असे की तेथे सर्वांनी लढलेच पाहिजे असे नव्हते. कोणी शिंपी होई, कोणी वास्तुशिल्पी, कोणी रानटी पशू माणसाळवून बाळगणारा पशुपाल होई, आणि कोणी नर्तक किंवा वादक होऊन मद्यशाळेत कला सादर करी. युद्धातून शिणून आलेल्या योद्ध्याच्या मनाचा शीण अशा कलावंतांच्या सान्निध्यातच उतरे, त्यामुळे योद्ध्याला नर्तकापाशी यावेच लागे, आणि बसल्याबसल्या दोन शब्द बोलावेच लागत. चौतीस व्यवसाय होते. ‘जेडाय’ हा सर्वांत दुर्मिळ. तो होण्याची वाट आधी गुप्त होती, आणि महिनोन्‌महिने नाना व्यवसाय पार केल्यावर कोणा एखाद्याला ती उलगडे.

१५ नोव्हेंबर २००५ रोजी हे सारे बदलले. चौतीस व्यवसायांचे नऊ झाले. शिंपी, शस्त्रकार आणि वास्तुशिल्पी एका ‘ट्रेडर’मध्ये दडपले गेले, पशुपाल रद्दच झाला, लढण्याची सारी रीत पालटली, आणि जेडाय हा कोणालाही पहिल्या दिवशी निवडता येणारा एक सामान्य पर्याय झाला. हा हुकूम सुटण्याच्या काही दिवस आधीच खेळाचा एक नवा विस्तार खेळाडूंना विकण्यात आला होता, त्यामुळे त्याचे पैसे परत करण्याची तयारी चालकांना दाखवावी लागली. डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने या असंतोषाची दखल घेतली. चालकांचा हेतू वाईट नव्हता. खेळ क्लिष्ट आहे, नवा माणूस टिकत नाही, त्याला लगेच वीर होऊ द्यावे, असा त्यांचा हिशेब होता. परंतु जुने गेले आणि अपेक्षेइतके नवे आले नाहीत, आणि १५ डिसेंबर २०११ रोजी ते जग कायमचे बंद झाले.

या प्रकरणात पशुपालाचे दुःख समजण्यास सोपे आहे. त्याचे काम गेले. मला अधिक विचार करावयास लावतो तो जुना जेडाय. लढण्याची रीत इतरांप्रमाणे त्याचीही पालटली, पण त्याचे पद कोणी काढून घेतलेले नव्हते. तो कालही जेडाय होता, आजही जेडायच होता. फक्त त्याच्या भोवतीचे सर्वजण जेडाय झाले होते. ओळख ही आपल्या ठायी असलेली वस्तू आहे असे आपण समजतो, पण ती बरीचशी आपल्यात आणि शेजाऱ्यात असलेल्या अंतरातच वसते, आणि ते अंतर दुसऱ्याला हात लावूनही नाहीसे करता येते.

हीच गोष्ट आपल्या मातीतील एका खेळात अगदी अलीकडे घडली आहे, आणि गुरुजी असते तर मी त्यांना याविषयी प्रथम विचारले असते. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले असे सांगतात. तेव्हापासून पाठलाग करणाऱ्यावर एक बंधन आहे : एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाऊन वळसा घातल्याविना माघारी फिरता येत नाही. पळणाऱ्याची सारी कला या एका बंधनावर उभी आहे. बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी साखळी घेत तो धावतो, पाठलाग करणाऱ्याला एक दिशा घेऊ देतो, आणि त्याच्या पाठीमागे निर्धास्त होतो, कारण नियम त्याची पाठराखण करीत असतो. १४ ऑगस्ट २०२२ पासून पुण्याच्या बालेवाडी येथे ‘अल्टिमेट खो-खो’ची स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्यात पाठलाग करणाऱ्या संघाला निराळ्या रंगाच्या पोशाखातला एक गडी मिळाला, ज्याला कोणत्याही दिशेला वळण्याची मोकळीक होती. त्याचे नाव ठेवले ‘वजीर’. पाचशे वर्षांपूर्वी पटावरच्या मंत्र्याला जे मिळाले तेच मैदानावरच्या गड्याला मिळाले, आणि नावही तेच मिळाले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

वजीर झालेल्याला तर आनंदच होणार. परंतु साखळीत ज्याने दहा वर्षे घालविली त्या पळणाऱ्याचे काय? त्याच्या नियमाला कोणी स्पर्श केलेला नाही, पण वजीर समोर आला की त्याची निर्धास्त पाठ संपते, आणि त्याला पळण्याची विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. मी स्वतः हा बदल पाहून आधी खिन्न झालो, मग माझे मत थोडे पालटले. खेळ वेगवान झाला, प्रेक्षक बसून राहू लागले, आणि केज तालुक्यातील कळंब अंबा हे मूळ गाव असलेल्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत नेपाळला ७८–४० असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तो दिवस आपल्या जिल्ह्याने पाहिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आजही केजच्या किंवा गेवराईच्या शाळेत मुले जुन्याच नियमांनी खेळू शकतात. मैदान गावाचे आहे, फक्की गावाची आहे, आणि वजीर ठेवावा की न ठेवावा हे शिट्टी फुंकणारा ठरवितो.

सर्वच पुनर्रचना घातक असतात असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे सत्यापलाप होईल. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आरंभी पॅलाडिन नावाचा धर्मयोद्धा ढाल-तलवार घेऊन यावयाचा आणि मोठ्या मोहिमांत त्याला बहुधा शुश्रूषेलाच बसविले जावयाचे; जानेवारी २००७ च्या विस्तारानंतर त्याला खरोखर पुढे उभे राहून घाव झेलता येऊ लागले, आणि अनेकांना जे व्हावयाचे होते ते होता आले. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या जपानी खेळात ‘समनर’, म्हणजे दैवी शक्तींचे आवाहन करणारा, अशी एक भूमिका आहे. पुष्कळ वर्षे त्याचे मुख्य काम शत्रूला हळूहळू झिजविणारी विषे लावण्याचे होते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती विषे काढून त्याच्या हाती आवाहनाचेच कर्म दिले गेले. नावाला त्याचे काम मिळाले. तरीही विषांच्या वेळा तोलण्यात ज्यांनी नैपुण्य मिळविले होते, त्यांना हा सोपेपणा अवमानकारक वाटला, आणि मला त्यांचेही म्हणणे पटते. उलट २०१६ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने जे केले त्याचे समर्थन करणे मला कठीण जाते : वॉरलॉक या मांत्रिकाच्या एका शाखेला स्वतः राक्षसाचे रूप धारण करता येई; ते रूपांतर तिच्याकडून काढून, नव्याने आणलेल्या दुसऱ्या भूमिकेच्या पदरी टाकण्यात आले. दुसऱ्याला द्यावयाचे म्हणून एकाचे सोंग उतरवून घेणे, हा न्याय कोणत्याही गावात चालणार नाही.

या साऱ्या चर्चेत मला जो खरा फरक दिसतो तो बदलाच्या लहानमोठेपणाचा नसून मैदानाच्या मालकीचा आहे. पट आजोबांचा होता, शाळेमागचे मैदान गावाचे होते. संगणकीय खेळाचे मैदान मात्र कंपनीच्या यंत्रात असते, आणि नियम बदलला की जुना नियम जगात कोठेही शिल्लक राहत नाही. ज्याला तो हवा आहे तो चार समविचारी माणसे गोळा करून कोपऱ्यात तो खेळू शकत नाही. म्हणूनच लोक ते मैदान चोरून उभारतात. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’चे जुने रूप, चौतीस व्यवसायांसह, चाहत्यांनी वर्षानुवर्षे राबून पुन्हा रचले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे आरंभीचे रूप चालविणारे ‘नॉस्टॅलरियस’ हे खाजगी केंद्र एप्रिल २०१६ मध्ये कायद्याच्या नोटिशीने बंद पडले, तेव्हा दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज मालकांपुढे गेला, आणि अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये मालकांनी स्वतःच ते जुने जग ‘क्लासिक’ या नावाने उघडले. ज्या कायद्याने ते केंद्र बंद झाले तो मी नाकारीत नाही. पण चार वर्षे ज्याने एखाद्या भूमिकेत स्वतःला ओतले, त्याचा त्या भूमिकेवर काहीच हक्क नाही, असे जो म्हणतो त्याला कूळकायदा का करावा लागला हे आठवून पाहण्याची विनंती आहे. जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे हा एक प्रश्न, आणि ती कसली कोणी हा दुसरा. आपल्या राज्याने या दुसऱ्या प्रश्नालाही कायद्यात जागा दिली.

माझी मागणी मोठी नाही. बदल करावयाचा तर त्याची वर्दी आगाऊ द्यावी. काम बदलावयाचे असेल तर जुने नाव त्यावर चिकटवून ठेवू नये, नवे नाव द्यावे, म्हणजे शोक करणाऱ्याला निदान कशाचा शोक करावयाचा हे कळेल. आणि जुना नियम एका कोपऱ्यात, चार माणसांपुरता का होईना, चालू ठेवावा. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की मामा, तुम्ही कंपनीत असायला हवे होते. त्याने वैद्याची भूमिका सोडली. आता तो ढाल घेऊन पुढे उभा राहतो, आणि त्याचे सोबती म्हणतात की हाही घाई करीत नाही.

आजोबा गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी सुटीला घरी होतो. त्यांची दृष्टी अधू झाली होती, मोहरी चाचपून ओळखावी लागत, तरी त्यांनी ओसरीवर पट मांडावयास सांगितले. मी पांढरी मोहरी घेतली आणि शाळेतल्या सवयीने प्यादे दोन घरे सरकविले. ते गप्प राहिले. वीस-बावीस चाली झाल्यावर मी त्यांच्या राजाला चहूबाजूंनी कोंडीत आणले, शह अजून बसावयाचा होता. त्यांनी बोटांनी शेजारची घरे मोजली, राजा उचलला आणि अडीच घरे पलीकडे, घोड्याच्या चालीने, नेऊन ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी माझे दोन घरे गेलेले प्यादे एक घर मागे घेतले, आणि म्हणालो, “आजोबा, चाल माझी आहे.”